चौदाव्या फेरीतला टॉवेल

होमोवोच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या बुकोम वस्तीत वर्षभरात गेलेल्यांसाठी गळा काढून रडतात. डोळे पुसून झाले की भांडलेल्यांनी एकमेकांच्या दारात जायचं, हातात हात घ्यायचा आणि म्हणायचं, ‘आयुष्य घे.’ आयिते काका दर वर्षी येतो. बाबा दर वर्षी भिंतीकडे तोंड करून बसतात. काका उंबऱ्याबाहेर टेकतो, पाणी पितो, जातो. सख्खे भाऊ दोघे, केस पिकले, पण अक्कल काडीची नाही.

भांडण कशावरून, तर एका टॉवेलवरून. बाबा आणि क्पाक्पो, दोघेही हलक्या वजनाचे बॉक्सर आणि हट्टाला पेटले तर मेले तरी न हटणारे. त्यांच्या लढतीच्या गप्पा इथे अजून चालतात. चौदाव्या फेरीत बाबांच्या कोपऱ्यातून काकानं टॉवेल फेकला, हार कबूल केली आणि विजेतेपदाचा पट्टा क्पाक्पोला गेला. “तो दमला होता गं. माझ्या गळ्यात लटकला होता. आणखी दोन ठोसे, आणि पट्टा माझा होता,” हे बाबांच्या तोंडून ऐकतच मी मोठी झाले. त्या माराने पुढे बाबांचे डोळे गेले, तरी शिव्या खायला काकाच.

यंदा क्पाक्पो गेला. आज पहाटे बाबा त्याच्यासाठी पाठच्या भावासारखे रडले. त्याच्या मुलीला घर आवरताना त्या लढतीची फीत सापडली. तिनं ती उतरवून घेऊन माझ्या मोबाईलवर पाठवली.

“कोर्ले, चौदावी लाव,” बाबा म्हणाले. “आणि दिसेल तेच सांग. बाजारात शिळे मासे ताजे म्हणून खपवतेस, तसं इथे नको.”

काका तेवढ्यात दारात येऊन बसला होता. त्यानं मला हातानं खुणावलं, राहू दे. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं मुकाट बोलणी खाल्लीस, आणि आता नको म्हणतोस? मी फेरी लावली. पाहिली आणि मागे नेऊन पुन्हा पाहिली.

“बोल की.”

“क्पाक्पोनं तुमच्या काखेत हात घातलेत.”

“लटकलाय. सांगत नव्हतो?”

“लटकला नाही, बाबा. त्यानं तुम्हाला धरून ठेवलंय. तुमचे पाय गेलेत.”

“माझे हात?”

मी चित्र थांबवलं.

“हात कुठे आहेत, कोर्ले?”

“खाली. दोन्ही.”

बाबांनी बोटं मिटली, उघडली. “पुढे?”

“तो तुमच्या खांद्यावरून काकाकडे बघून ओरडतोय. मग टॉवेल पडतो. तरी तो तुम्हाला सोडत नाही. काका येऊन धरतो, तेव्हा सोडतो.”

मी मोबाईल खाली ठेवला. मग बाबा दाराच्या दिशेनं म्हणाले, “मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर पटलं असतं?” काका म्हणाला.

“नसतं.”

“पुढे डोळे गेले तुझे. क्पाक्पोनं मला शपथ घातली. म्हणाला, सांगू नकोस, निदान ती फेरी तरी राहू दे त्याच्याकडे.”

बाबांच्या डोळ्यांना दिसत नाही, पण पाणी येतं. त्यांनी हात पुढे केला, दाराच्या जरा बाजूलाच. काका उंबरा ओलांडून आत आला आणि त्या हातासमोर जाऊन बसला.

“आयुष्य घे, दादा.”

“घेतलंय रे,” बाबा म्हणाले. “तेव्हाच, चौदाव्या फेरीत.”