सोजराबाईचा गावठी गुलाब

गळ्यात तुळशीची माळ घातलेली बाई बोईसरच्या बाजारात सुका बांगडा मागते, तोही नाकाला पदर लावून. मग मासळीवाल्यांनी हसायचं नाही तर काय करायचं? पण सोजराबाईला त्यांच्या हसण्याशी देणंघेणं नव्हतं. तिला तिचा गुलाब जगवायचा होता.

गुलाब म्हणजे नर्सरीतला नव्हे. आष्टीकडच्या माहेरी, आईच्या दारातला गावठी गुलाब. आई गेली, घर विकलं, घेणाऱ्याने झाड उपटून तिथं मोटार लावली. त्याआधी सोजराबाईने एक फांदी आणून लावली होती म्हणून बरं. त्या झाडाचा वंश उरला तो एवढाच, कारखान्यात कामाला असलेल्या झुंबरच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, भाड्याच्या घरापुढे.

पण झाड आपलं किडमिडीत. चाळीत मासळी विकायला येणाऱ्या दांडी गावच्या चंद्रकांता कोळणीचा गुलाब मात्र फुलांनी वाकलेला. काय घालतेस म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "मासली."

झालं! ओल्या मासळीला हात लावणं जिवावर आलं, म्हणून बाईने सुकी आणली, चिमट्याने आळ्यात पुरली आणि विठोबाची माफी मागितली. हळूहळू पानांच्या कडा करपल्या. मग पानंच गळाली, फांद्या काळ्या पडल्या.

चंद्रकांताने माती उकरली आणि कपाळावर हात मारला. "अगो बाय, आमी ताज्या मासलीचं धुवण घालतो. ह्यो मिठातला बांगडा हाय. झाडाला मीठ चारलंस तू."

आईला आपण आपल्याच हाताने मारलं, असं सोजराबाईला वाटलं. झुंबर म्हणाला, "नवीन आणू की, कलमाचं, रंगीत." तिने त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं. बिचारा अर्ध्या जेवणावरून उठला.

चंद्रकांताने बांगडे काढले, खारी माती बदलली, फांद्या बुडापर्यंत छाटल्या. "तुझं कलम नाय ना? फांदी लावलेली ना? मग मुळातून येल तो ह्योच येल. कलम असतं तर खालून रानटी फुटला असता. गोडं पाणी घाल नि वाट बघ."

भुंड्या खुंटाला पाणी घालते म्हणून शेजारणींनी सोजराबाईला वेड्यात काढलं. दसरा गेला, दिवाळी गेली. आणि एका सकाळी बुडाशी माती फोडून तांबूस कोंब वर आला.

पुढे कळी धरली, उमलली, तर सोजराबाई जवळ जायला धजेना. लांबच उभी राहिली, आणि वास आपणहून तिच्यापाशी आला. तोच, आईच्या अंबाड्यातला. जळून कोळसा झालेल्या त्या झाडाखाली, अंधारात, एवढ्याशा मुळीने हा वास सांभाळला तरी कसा असेल? गाभाऱ्यासमोर उभं राहावं तशी ती उभी राहिली आणि रडली.

फुलं ओसरल्यावर तिने सगळ्यात जोमदार फांदी कापून चंद्रकांताच्या हातात ठेवली. एकाच झाडावर सगळी भिस्त ठेवली, हे आपलं चुकलं, असं तिला आता वाटत होतं.

चंद्रकांता घेईना. "दांडीला दर्याची खारी हवा हाय, सोजराबाय. मेली तर?"

"न्हाई मरत," सोजराबाई म्हणाली. "मीठ पचवलंय तिनं."