पापलेट, कुपा आणि बोंबील

दमयंतीने चंदेरी कॉम्प्युटरच्या कडेवर अंगठा दाबून पाहिला. मासळी ताजी आहे की शिळी ते बोटाला कळावं, तसा. मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन तिने हात मागे घेतला आणि पदराला पुसला.

"हात लावा बिनधास्त, मावशी," दुकानातला दीपेश म्हणाला. "डेमो पीस आहे."

पनवेलच्या त्या दुकानात टेबलावर तीन कॉम्प्युटर मांडून ठेवले होते, तीन वेगळ्या जातींचे. सुकापूरला दिलेल्या लेकीने, रियाने, फोनवर बजावलं होतं, की आई, दिसला तो उचलू नकोस, आधी तुलना कर. तिघांचं आतलं सगळं वेगळं असतं, एकावरचं दुसऱ्यावर चालत नाही. दमयंतीने मग आपल्या सोयीने त्यांचं बारसंच करून टाकलं. पातळ, चंदेरी, महागडं ते पापलेट. काळा, बोजड, खाली वेगळी पेटी असलेला तो कुपा. आणि स्वस्तातला, नेट गेलं की मऊ पडणारा, तो बोंबील. मोऱ्याला, त्यांच्या गावी, नेट भरती-ओहोटीसारखं येतं-जातं, हे तिने दीपेशला दोनदा सांगून झालं होतं.

पापलेटाचा भाव ऐकून ती सवयीने मागे सरकली. मागे पंख्याखालच्या स्टुलावर तिचा नवरा दिनानाथ मांडीवर टॉवेल पसरून बसला होता. न बघताच तिने हात त्या टॉवेलाखाली घातला. जेट्टीवर मासळीचा लिलाव चालायचा तेव्हा दोघांचं असंच चालायचं. बोली लावणारे नाकासमोर उभे. नवरा-बायको तोंडाने काही बोलले की भाव पडलाच. म्हणून टॉवेलाखाली, बोटांनी. मूठ मिटून हातात दिली म्हणजे पाटी उचल, द्यायची नाही. तळव्यावर तळवा सपाट ठेवला की झालं, दे. इतक्या वर्षांत त्यात कधी चूक झाली नव्हती.

आत्ता तिच्या हातात मिटलेली मूठ आली.

"अजून ऐकलं पन नाय तुमी," ती पुटपुटली. तो कॉम्प्युटरला नाही म्हणतोय की सगळ्यालाच, हे विचारायची तिची छाती झाली नाही.

मागच्याच गल्लीत डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. हो की नाही ते आज संध्याकाळच्या आत सांगायचं होतं. नाहीतर ऑपरेशनची तारीख दुसऱ्या पेशंटला जाणार, आणि दिनानाथच्या घशातली गाठ काही पुढच्या तारखेची वाट बघत बसणार नव्हती. स्वरयंत्र काढावं लागेल, एवढं ऐकून तो खुर्चीवरून उठला होता. त्यानंतरही बोलायचे उपाय असतात, ते बाईंनी बहुधा रिकाम्या खुर्चीला सांगितले.

"मुका होऊन जगनार नाय मी," घरी येऊन तो म्हणाला होता. वाळूवरून होडी ओढावी तसा घोगरा आवाज. याच आवाजाने तो कधीकाळी होडीतून "दमू" अशी हाक मारायचा, आणि जेट्टीवरच्या सगळ्या बायकांना कळायचं, की आज हिच्या पाट्या भरणार.

मग रिया म्हणाली, कॉम्प्युटर बोलतो. टाइप केलं की माणसासारखं बोलून दाखवतो. तेव्हापासून दमयंतीने तेवढंच घट्ट धरून ठेवलं होतं. आवाज विकत मिळत असेल तर आणू. एकदा कानांनी ऐकू दे त्याला, मग करील ऑपरेशनच्या कागदावर सही.

"बोलायला लाव," ती दीपेशला म्हणाली. "तिगांना एकच वाक्य दे. तुलना म्हंजे तुलना."

"काय लिहू?"

तिने आवाज खाली आणून सांगितलं. दीपेशने ते जरा शुद्ध करून टाइप केलं.

"दमू, पाणी दे गं," पापलेट बोललं. गोड बाईमाणसाचा आवाज. दरवाजा उघडतोय म्हणून सांगणारी लिफ्टमधली बाई असते, तिचा.

"बाप्याचा नाय?"

कुप्यात बाप्या निघाला. पण तो दमूकडे पाणी असं मागत होता, जसं कोर्टाचं समन्स वाचतोय. बोंबलाने आधी बराच वेळ विचार केला, आणि मग एवढ्या घाईत बोलून टाकलं, की कोण कोणाकडे काय मागतंय तेच कळेना. दीपेशला हसू आलं. दमयंतीचा चेहरा बघून त्याने ते गिळलं.

"परत लाव."

त्याने परत लावलं. हळू करून, जाड करून. ज्या नावाने तिला आजवर एकाच माणसाने हाक मारली होती, त्या नावाने तीन परके तिला पाळीपाळीने बोलावत होते. आणखी एखादी जात असेल ना, तिने विचारलं. आत ठेवली असेल. इथे नसेल तर वाशीला? मोठ्या दुकानात?

"आवाज सगळीकडे साधारण असेच, मावशी," दीपेश हळूच म्हणाला. "कोणासाठी हवाय?"

कुपा अजून पाणी मागत होता.

"बंद कर रे बाबा," ती म्हणाली. "तिगांना पन."

पडदे एकेक करून काळे झाले. ती मागे येऊन दिनानाथशेजारी रिकाम्या खोक्यावर बसली. रियाची शपथ घालून झाली होती. रडून झालं होतं, भांडून झालं होतं, डॉक्टरीणबाईंचे पाय धरून झाले होते. आता तिच्याकडे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने हात टॉवेलाखाली सरकवला. आजवर भाव तो सांगायचा, ती ऐकायची. आज तिने आपली मूठ मिटली आणि त्याच्या तळव्यात ठेवली. उचलू का पाटी?

दिनानाथने तिच्याकडे पाहिलं नाही. तो समोरच्या त्या तीन काळ्या पडद्यांकडे बघत होता. टॉवेलाखाली त्याची बोटं थोडा वेळ तिच्या मुठीवर नुसती पडून राहिली. मग त्यांनी तिची करंगळी उघडली. मग शेजारचं बोट. मग उरलेली, सावकाश, जाळ्यात गुंतलेलं काहीतरी न तोडता सोडवावं तशी. आणि त्याने आपला तळवा तिच्या तळव्यावर ठेवला. सपाट.

"मग मावशी," दीपेश म्हणाला, "काय ठरलं?"

"ठरलं."

"कुठला पॅक करू?"

दिनानाथ स्टुलावरून उठला, तशी तीही उठली. टॉवेल खांद्यावर टाकायचं त्याच्या लक्षात नव्हतं. तो दोघांच्या हातांवर तसाच होता. तसेच ते पायऱ्या उतरले आणि मागच्या गल्लीकडे वळले.