दारापेक्षा आठ इंच मोठी

त्या वर्षी पारामारिबोत लाकूड मिळेनासं झालं होतं. पंचवीस नोव्हेंबरला देश स्वतंत्र होणार, हॉलंडचा झेंडा उतरणार, आपला चढणार, आणि आपला चढायच्या आत हॉलंड गाठायचं म्हणून निम्मं गाव सामान बांधत होतं. त्या तारखेनंतर दार बंद, असं जो तो म्हणे. कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर कुणालाच सांगता येत नसे, पण विमानाची तिकिटं मात्र मिळत नव्हती.

माणसं विमानानं जात, सामान बोटीनं. बोटीला लाकडी पेटी लागे, आणि पेटी म्हटली की फ्रीमांग्रोन वस्तीतल्या गल्लीतला कॉर्नेलिस पिनास. पिनास मिस्त्रीचा हात धरील असा सुतार गावात नव्हता, आणि हे गावाइतकंच त्यालाही ठाऊक होतं. गिऱ्हाइकाच्या घरी गेला की सामानाकडे तो ढुंकूनही पाहत नसे. पहिल्यांदा दाराला टेप लावायचा. "आधी दार, मग सामान," तो म्हणे. "पेटी काय, कुठंही ठोकता येते. बाहेर कशी काढाल?" एका मास्तरांनी पियानो न्यायचा हट्ट धरला, तेव्हा यानं त्यांना दारात उभं करून त्यांच्या पोटालाच टेप लावली होती. गल्ली महिनाभर हसत होती.

जानेवारीपासून त्यानं शेजाऱ्यांच्या पेट्या ठोकल्या, सख्ख्या भावाची ठोकली, चर्चमध्ये त्याच्या बाकावर बसून गाणाऱ्या दोघांच्याही ठोकल्या. जाणाऱ्याला तो अडवत नसे. "जा बाबांनो, थंडीत दात वाजवत बसा," एवढंच म्हणायचा. मग सप्टेंबरात त्याची एकुलती एक मुलगी मॅग्दा जेवता जेवता म्हणाली, "पप्पा, हम्फ्रीनं तिकीट पाठवलंय. अठरा नोव्हेंबरचं. मलाही एक पेटी लागेल."

हम्फ्री तिचा नवरा. जूनमध्येच अॅमस्टरडॅमला गेला होता. मॅग्दाला चौथा महिना होता.

पिनासनं हातातला घास परत ताटात ठेवला. तो म्हणाला, "किती सामान आहे?"

दुसऱ्या दिवशी मॅग्दा बाजारात गेल्यावर त्याची बायको सेली त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "मिस्त्री, 'जाऊ नको' हे दोनच शब्द आहेत. तेवढे तुमच्या तोंडातून निघत नाहीत?"

"नवरा तिकडे तिचा. मी कोण सांगणारा?"

"बाप."

"मग तू सांग की."

"मी सांगितलं. तर म्हणते, मम्मा, तूच चल माझ्याबरोबर. यावर काय बोलायचं?"

पिनासला मनातलं बोलायची सवयच नव्हती. जे म्हणायचं ते तो लाकडात म्हणे. मॅग्दा जन्मली तेव्हा यानं बायकोला कधी म्हटलं नाही की मला आनंद झालाय. सीडरच्या लाकडाचा पाळणा करून खोलीत आणून ठेवला, आणि सेलीनं काय ते ओळखलं. मॅग्दाच्या लग्नातही हा रडला नाही, पण तिला दिलेल्या टेबलाच्या पायांवर तीन आठवडे खपला. आता 'जाऊ नको' हेही लाकडातूनच बाहेर पडणार होतं.

त्यानं पेटी घराच्या पुढच्या खोलीत ठोकायला घेतली. शेडमध्ये लोकांच्या पेट्यांनी पाय ठेवायला जागा नाही, घरचं काम घरात करतो, म्हणाला. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. सगळे घराबाहेर असताना त्यानं घराचं एकुलतं एक, बाजूच्या पायऱ्यांवरचं दार मोजलं. हे घर त्यानं स्वतः बांधलेलं, दारही त्यानंच केलेलं, तरी तीनदा मोजलं. बत्तीस इंच. रस्त्याकडच्या दोन्ही खिडक्या त्याहून अरुंद. मग त्यानं फळ्यांवर पेन्सिलीनं खुणा केल्या. सहा फूट लांब, चाळीस इंच रुंद, चाळीस इंच उंच.

ती चूक नव्हती. टेप हातात घेऊन, चांगले डोळे उघडे ठेवून केलेलं काम होतं. त्याचा बेत साधा होता. पेटी निघणार नाही, बोट चुकेल. पोटुशी बाई भांड्याकुंड्यांशिवाय, पाळण्याशिवाय परक्या मुलखात जायची नाही. ती तिकीट पुढे ढकलेल, तेवढ्यात पंचवीस तारीख उलटेल आणि ते हॉलंडचं दार बंद होईल. मूल इथं जन्मेल. मग हम्फ्रीला यायचं तर येईल मुकाट्यानं परत. एका साठीच्या माणसानं आपलं लेकरू धरून ठेवायला एवढंच शोधून काढलं होतं.

"पप्पा, मोठी नाही वाटत?" मॅग्दानं एकदा विचारलं.

"रिकामी पेटी मोठीच वाटते."

मग पेटी भरायला लागली. शिवणयंत्र गेलं, पातेली गेली, चादरी गेल्या. सेलीनं आपला सणासुदीचा झगा, खळ घातलेला घेरदार कोटो, आणि डोक्याचे रुमाल आत ठेवले. मिरचीच्या लोणच्याच्या बाटल्या फडक्यांत गुंडाळून कोपऱ्यांत बसवल्या. अगदी मध्ये पाळणा ठेवला आणि त्यात बाळाची अंगडी.

"मी यातच झोपायचे ना, पप्पा?"

"झोपायचीस कुठं? बोंबलायचीस."

मॅग्दा खळखळून हसली. पिनास खिळे आणायला म्हणून शेडमध्ये गेला आणि बराच वेळ आला नाही.

तेरा तारखेला कस्टमचा माणूस आला. यादी ताडून पाहिली, सेलीनं दिलेलं आल्याचं सरबत प्यायला, आणि झाकण ठोकून झाल्यावर तारेत शिशाचं सील मारलं. "आता हे तिकडेच तुटेल," तो म्हणाला. "मध्येच उघडलंत तर पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख. आणि तारखा आता डिसेंबरातल्या चालू आहेत."

चौदाला सकाळी एमिल ट्रकवाला चार हमाल घेऊन आला. पेटी उचलली आणि दारात अडली. आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली, तिरकी घालून पाहिली. हमाल घामाघूम झाले. एमिल कमरेवर हात ठेवून पेटीकडे पाहत राहिला, मग दाराकडे, मग पिनासकडे.

"मिस्त्री," तो हळूच म्हणाला, "दार मोजलं होतंस ना?"

 मग बाहेरून कुणीतरी ओरडलं, "आधी दार, मग सामान!" आणि सगळी गल्ली खदखदली. माणसं पोट धरून हसली. ज्यांना त्यानं वर्षभर शहाणपण शिकवलं होतं ते तर डोळे पुसत होते. पिनास मान खाली घालून उभा होता. आपलं नाक कापलं जाणार हे त्यानं धरलंच होतं, पण कापताना एवढं दुखेल असं त्याला वाटलं नव्हतं.

एमिलनं हसणाऱ्यांना गप्प केलं. "दात काय काढताय? अरे मिस्त्री, त्या दोन खिडक्यांमधली भिंत काप. तासाभराचं काम. बंदरावरची शेड बारापर्यंत उघडी आहे. आपण पोचतो."

"मधे खांब आहे," पिनास म्हणाला.

"मग?"

"छपराचा भार त्याच्यावर आहे. तो काढला तर घर बसेल."

 लाकडाच्या गोष्टीत पिनास मिस्त्रीशी वाद घालणारा अजून जन्माला यायचा होता. एमिलनं खांबाकडे पाहून मान हलवली. मॅग्दानंही खांबाकडे पाहिलं. मग तिनं बापाकडे पाहिलं. बाप आपल्या बुटांकडे पाहत होता.

"राहू दे, एमिल," ती म्हणाली. "ट्रक घेऊन जा तू."

पिनासच्या छातीवरचं ओझं उतरलं. गल्लीत त्याची अब्रू गेली होती, पण पोरगी राहिली होती. दुपारी तो नीट जेवला, दुसऱ्यांदा भात मागून घेतला. जेवणानंतर मॅग्दाच्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाला, "उद्या जाऊ या आपण. तिकीट पुढं ढकलून घेऊ."

मॅग्दा खाटेवर दोन बॅगा उघडून कपडे भरत होती. "कशाला?"

"म्हणजे… पेटी—"

"पेटी राहू दे इथं. मी जातेय मंगळवारी."

 तिनं एक झगा घडी करून बॅगेत ठेवला.

"पप्पा, तो खांब तुम्ही बसवलात तेव्हा मी दहा वर्षांची होते. खिळे मीच धरले होते. मी विचारलं, हा कशाला? तुम्ही म्हणालात, नुसता खिडक्यांच्या चौकटी धरायला. याच्यावर भार म्हणून कबुतर बसलं तरी पुष्कळ."

ती रागावली नव्हती. तिनं आवाज चढवला असता तर त्यालाही चढवता आला असता.

"मग सकाळी का नाही बोललीस?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांपुढं?" मॅग्दा म्हणाली, आणि तिनं बॅग बंद केली.

विमानतळावर ती आईच्या गळ्यात पडून रडली. बापाच्याही गळ्यात पडली. त्याला पुष्कळ म्हणायचं होतं. "पायऱ्या जपून चढ," एवढंच तो म्हणाला.

पंचवीस तारखेला झेंडा चढला. रात्रभर फटाके झाले, ढोल वाजले, माणसं नाचत नाचत गल्लीतून गेली. पिनास पेटीशेजारी खुर्ची टाकून बसून होता. पुढची सगळी खोली त्या पेटीनं खाल्ली होती. स्वयंपाकघरात जायचं तर अंग चोरून, आडवं होऊन जावं लागे. मॅग्दाचं नाव आणि अॅमस्टरडॅमचा पत्ता काळ्या रंगात त्यानं स्वतः काढलेला होता, आणि येता-जाता तो पोटाला घासे. सेलीनं पेटीवर ना कधी कापड घातलं, ना दिवा ठेवला. "ते माझं नाही. मी त्यावर काही ठेवणार नाही," म्हणाली. पेट्यांची कामं तशीही संपली होती. जायचे ते गेले होते. उरलेले त्याला रस्त्यात पाहून हळूच म्हणत, "काय मिस्त्री, दार मोजलं का?" तो पुढं चालू लागे.

मार्चमध्ये पत्र आलं. पिनासचा चष्मा फुटला होता, म्हणून सेलीनं मोठ्यानं वाचलं. मुलगा झाला होता, फेब्रुवारीच्या नऊला. बाहेर बर्फ होतं. हम्फ्रीला काम होतं. ताटल्या, पातेली शेजारणीनं तात्पुरती दिली होती. "बाळ कपाटाच्या ड्रॉवरमध्ये झोपतं," मॅग्दानं लिहिलं होतं. "हम्फ्रीनं ड्रॉवर काढून जमिनीवर ठेवलाय, आत घोंगडी घातलीय. छान झोपतो. काळजी करू नका, ड्रॉवर मजबूत आहे. फक्त पप्पांनी पाहिला तर म्हणतील, जोड सैल आहेत."

पिनास उठला. शेडमधून करवत आणली, पहार आणली. सेली पत्र हातात धरून पाहत राहिली. त्यानं दोन्ही खिडक्या चौकटींसकट काढल्या, मधल्या फळ्या उचकटल्या, आणि खांबाला करवत लावली. खांब वरून कापला, खालून कापला, आणि काखेत मारून बाहेर अंगणात नेऊन टाकला. तासही लागला नाही.

परत आला तेव्हा सेली वर पाहत होती. छपरातून साधी धूळही पडली नव्हती.

"पडलं नाही हो," ती म्हणाली.

"नाही."

"तिला ठाऊक होतं?"

"होतं."

सेली इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या पेटीवर बसली. हातातल्या पत्राची तिनं पुन्हा घडी केली, पुन्हा उघडली. "ड्रॉवरमध्ये," ती म्हणाली. "माणसाचं पोर, ड्रॉवरमध्ये." पिनासनं माफी मागितली नाही. माफी मागायला लाकूड शिल्लक नव्हतं, आणि शब्द त्याच्याकडे कधीच नव्हते.

पुन्हा अर्ज झाला, पुन्हा कस्टमचा माणूस आला, आणि एप्रिलच्या बोटीनं पेटी गेली. एमिल आला तेव्हा भिंतीतल्या त्या भगदाडाकडे त्यानं एकदा पाहिलं आणि एकही चेष्टा केली नाही.

जूनमध्ये उत्तर आलं, बरोबर फोटो. गोंडस, धिप्पाड पोरगं. लोणच्याची एक बाटली फुटली होती, बाकी सगळं धड पोचलं होतं. आईचा कोटो पाहून मॅग्दा जमिनीवर बसून रडली होती. "पाळणा मात्र त्याला पुरत नाही, पप्पा. चार महिन्यांतच एवढा वाढलाय, पाय टेकतात. मी त्यात त्याचे कपडे घड्या करून ठेवते. लाकडाचा वास अजून तसाच आहे."

पावसाळ्यात भिंत उघडी ठेवून भागणार नव्हतं. गल्लीला वाटलं, मिस्त्री आता फळ्या मारून खिडक्या परत बसवेल. त्यानं तिथं दार केलं. चांगलं चार फूट रुंद, दोन फळ्यांचं, आणि बाहेर रस्त्यापर्यंत रुंद पायऱ्या.

"दोन म्हातारी माणसं तुम्ही," एमिल म्हणाला. "पलीकडे एक दार आहे ते आहेच. हे कुणासाठी? हत्ती पाळतोस काय?"

"ती परत येईल तेव्हा सामान असेल तिचं," पिनास म्हणाला. "पुन्हा भिंत कापत बसू?"

एमिलनं सिगारेट पेटवली आणि विषय बदलला.

मॅग्दा आली ती सहा वर्षांनी. मुलाला शाळा होती म्हणून एकटीच आली. त्या दिवशी पिनासनं उठल्याबरोबर मोठ्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, दोन्ही फळ्या भिंतीपर्यंत उघडल्या, पायऱ्या झाडल्या. मग आत दारासमोर खुर्ची टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला. दुपारी रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. पिनास खुर्चीचे हात धरून ताठ बसला. रुंद पायऱ्यांवर कुणीच आलं नाही.

"मम्मा!" त्याच्या पाठीमागून हाक आली.

ती नेहमीसारखी बाजूच्या फाटकातून आत शिरली होती, जुन्या पायऱ्या चढून जुन्या दारानं स्वयंपाकघरापाशी पोचली होती. सेलीच्या रडण्याचा आवाज आला. पिनास उठून आत गेला. मॅग्दा अंगानं भरली होती, केसांत पांढरं दिसत होतं. तिनं त्याला घट्ट धरलं.

"सामान कुठंय?" त्यानं विचारलं.

तिनं हातातली बॅग दाखवली. "एवढंच. दहा दिवसांना कितीसं लागतं, पप्पा?"

बाहेर पाऊस सुरू झाला होता आणि पुढच्या खोलीत पाणी येत होतं. पिनास परत गेला, त्यानं मोठ्या दाराच्या दोन्ही फळ्या ओढून घेतल्या आणि अडसर लावला.