एका लाईनला एक बिल्ला

शर्ट शिवण्याच्या त्या कारखान्यात तिला सगळ्याजणी श्वासबाई म्हणायच्या. नाव पाडलं होतं काज-बटणवालीनं, तेही पहिल्याच दिवशी. "आजवर श्वास फुकट घेत होतो गं, आता त्यालाही बाई ठेवली," असं ती म्हणाली आणि अख्खी लाईन मशीनवर डोकं टेकून हसली. श्वासबाईही हसली. आपल्या कामाला लोक हसतात याची तिला सवय होती.

हे काम तिच्याकडे आलं ते तिच्याच दुखण्यातून. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा पदरी काही पडलं नाही, आणि दुसऱ्या खेपेला तर तिनं अंथरूणच धरलं. घरचे म्हणत, होईल हळूहळू ठीक. शेजारच्या निवृत्त नर्सबाई तेवढ्या रोज येऊन बसायच्या. तळपायाला तेल चोळायच्या, भिंतीला टेकवून सावकाश श्वास घ्यायला लावायच्या, आणि दटावून रक्त तपासायलाही त्यांनीच नेलं. थायरॉइड निघालं. गोळ्या, श्वास, झोप, वेळच्या वेळी जेवण आणि मनातलं बोलायला हक्काचं माणूस, या सगळ्यानं मिळून ती उठली. "बाईला तुकड्यातुकड्यानं बरं करता येत नाही," नर्सबाई म्हणायच्या. "सगळी बघावी लागते."

मग तिनं रीतसर शिक्षण घेतलं आणि एका छापखान्यावरची खोली भाड्यानं घेऊन चटया अंथरल्या. पण यायच्या त्या बहुतेक लग्नाआधी कंबर कमी करायला. कंबर उतरली की त्या खूश होऊन जायच्या आणि ही चटया गुंडाळत स्वतःशी म्हणायची, एवढ्यासाठी उठलो होतो का आपण?

त्यामुळे वहिनींनी कारखान्याचं काढलं तेव्हा तिनं एका पायावर होकार दिला. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको, कारखान्यात कामगारांचं बघणारी अधिकारी. "बायका आजारी रजा फार घेतात," त्या म्हणाल्या. "साहेबांना काहीतरी करून दाखवायचंय. मी तुझ्यासाठी शब्द टाकलाय, चिऊ. तोंडघशी पाडू नकोस."

सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी ती लाईनवर श्वास शिकवायची. नंतर पॅकिंगच्या मागच्या खोलीत बायका एकेक करून यायच्या. खोलीत एक खाट, एक वजनकाटा आणि इस्त्रीखात्याची वाफ आत सोडणारी खिडकी. तक्रारी सगळ्यांच्या सारख्या. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखतं, डोकं धरतं, उठताना अंधारी येते. "पाणी वाढवा," ती सांगायची. बायका "हो बाई" म्हणायच्या आणि जमिनीकडे बघायच्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

कॉलर शिवणारी एक अबोल पोरगी होती. तिला ताप येत-जात होता. श्वासबाईनं तिच्या बरगड्यांखाली, पाठीला हात लावला तर ती "आई गं!" म्हणून वाकली.

"डॉक्टरकडे जा. आजच. हे श्वासानं बरं होणारं नाही, औषध लागेल."

"रविवारी जाते."

"पाणी पितेस ना?"

कॉलरवालीनं दाराकडे पाहिलं. "घरी गेल्यावर."

दुपारी श्वासबाई स्वतःच स्वच्छतागृहाकडे निघाली. दाराशी टेबल टाकून बसलेला लाईनमास्तर म्हणाला, "थांबा बाई, बिल्ला आत गेलाय."

तिला वाटलं, गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता. एका लाईनला एक पितळी बिल्ला. जाणारीनं तो घेऊन जायचा, परत आणून टेबलावर ठेवायचा, मग दुसरी. जी फार वेळा उठेल तिला मशीनवरून काढून धागे कापायला बसवायचं, कमी मजुरीवर. मास्तर हे वाईटपणानं सांगत नव्हता. पावसाळी चपला कुठे काढायच्या हे सांगावं तसं सांगत होता. "पाणी कमी प्यायलं की प्रश्नच येत नाही," तो म्हणाला. "त्यांचं त्यांनाच कळतं ते."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या आगीत मास्तरचा वाटा थोडा होता. पाणी प्या, पाणी प्या म्हणून आपण इतके दिवस कोणाला सांगत होतो?

ती तशीच वहिनींच्या केबिनमध्ये गेली.

"तुला श्वास शिकवायला आणलंय," वहिनी दार लोटत म्हणाल्या, "कारखाना सुधारायला नाही."

"वहिनी, त्या पोरीच्या मूत्रपिंडापर्यंत गेलंय बहुतेक. पाठीला हात लावू देत नाही."

"आणि मला काय दिसत नाही? दोनदा साहेबांच्या दारापर्यंत जाऊन परत आलेय मी." वहिनींचा आवाज खाली आला. "तुझा भाऊ घरी बसून आहे, चिऊ. माझ्या नोकरीवर चूल पेटतेय. उद्या खरेदीदार कंपनीची माणसं येतायत आणि त्यांना तुझाच कार्यक्रम दाखवायचाय. उद्या फक्त श्वास. शब्द दे."

भाऊ डोळ्यांसमोर आला. घरातल्या घरात इस्त्रीचा शर्ट घालून बसणारा.

"दिला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फरशी पुसून लख्ख केलेली. साहेब, वहिनी आणि दोन पाहुणे कडेला उभे. त्यातली आखूड केसांची बाई सगळं निरखत होती. मशीन बंद, बायका डोळे मिटून बसलेल्या. "श्वास आत... सावकाश बाहेर..." श्वासबाई रांगेतून फिरत होती. कॉलरवालीपाशी आली आणि थबकली. पोरीचे ओठ सुकले होते, कपाळावर घाम होता. गुडघे एकमेकांवर आवळून ती जागच्या जागी डुलत होती. तिनं डोळे उघडून एकदा वर पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले. शहाण्या मुलीसारखे.

श्वासबाई परत रांगेपुढे जाऊन उभी राहिली.

"डोळे उघडा," ती म्हणाली. "शेवटचा भाग राहिलाय. बाटल्या काढा आणि पोटभर पाणी प्या. ज्यांना जाऊन यायचंय त्यांनी जाऊन या. बिल्ला लागणार नाही."

कोणी हललं नाही.

साहेबांच्या तोंडावरचं हसू जिथल्या तिथे गोठलं होतं. वहिनींकडे बघायची तिची छाती होईना. आणि मग तिला कळलं, आपलं फार तर हे काम जाईल. पण आत्ता जी उठेल ती उद्या धागे कापत बसेल. आपण यांना वाचवत नव्हतो, पुढे ढकलत होतो.

ती कॉलरवालीकडे गेली आणि तिचा हात धरला. हात तव्यासारखा तापला होता. "चल. मलाही जायचंय."

दोघी दाराकडे चालू लागल्या. मास्तर टेबलावरचा बिल्ला मुठीत घेऊन अर्धवट उठला आणि साहेबांकडे बघू लागला. साहेब पाहुण्यांकडे बघत होते. तेवढ्यात मागून स्टूल करकरलं.

"थांबा ओ बाई!" काज-बटणवाली ओरडली. "सकाळपासून पाय आवळून बसलेय, आता श्वास सोडला तर दुसरंच काही सुटायचं!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. आणखी एक स्टूल सरकलं, मग चार, मग अख्खी लाईन उठली.

पुढचं श्वासबाईनं पाहिलं नाही. ती आत होती, भिंतीला डोकं टेकून रडणाऱ्या कॉलरवालीला धरून. तिथून तिला थेट गाडीत घालून दवाखान्यात नेलं. जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. "आणखी अंगावर काढलं असतं तर अवघड होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि सलाईन लावून दाखल करून घेतलं.

संध्याकाळी वहिनी आल्या. दारातच म्हणाल्या, "शब्द दिला होतास."

"हो."

"त्या आखूड केसांच्या बाईनं विचारलं, हे रोज असतं का? साहेब माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, हो, श्वासानंतर पाणी आणि मोकळीक, आमच्या कार्यक्रमातच आहे." वहिनींनी पदरानं मान पुसली. "तिला इतकं आवडलं की म्हणाली, हे आम्ही आमच्या अटींतच घालतो. मग विचारते, बिल्ला म्हणजे काय? मी मास्तरच्या हातातून तो घेतला, पर्समध्ये टाकला आणि सांगितलं, जुनी पद्धत होती."

श्वासबाईला हसू फुटलं. वहिनी हसल्या नाहीत.

"तुझं काम बंद केलंय साहेबांनी. माझं राहिलंय, अजून तरी. घरी येशील तेव्हा माझ्याशी बोलू नकोस काही दिवस." मग त्या खाटेच्या पायथ्याशी बसल्या आणि कॉलरवालीचं पांघरूण नीट करत विचारलं, "खाल्लंय का काही हिनं?"

पोरगी बरी होऊन मशीनवर परतली. बिल्ला गेला तो गेलाच. मास्तर आता घड्याळाकडे बघतो, पण अडवत नाही. हे सगळं काज-बटणवाली सांगायची. ती आणि लाईनवरच्या आणखी काहीजणी सुट्टीच्या दिवशी छापखान्यावरच्या खोलीत येऊ लागल्या होत्या.

श्वासबाई इतर कारखान्यांतून काम मागत फिरू लागली. जाईल तिथे आधी म्हणायची, बायकांचं स्वच्छतागृह दाखवा, पाणी कुठे ठेवता ते दाखवा, मग श्वासाचं बोलू. बहुतेकांनी चहाही न विचारता वाटेला लावलं. एका धुलाईखान्यानं ठेवून घेतलं. रोज पाय दुखायचे, पण रात्री चटया गुंडाळताना तो जुना प्रश्न आता तिला पडत नव्हता.

वहिनी बरेच दिवस फुगून होत्या. भावाकडे गेलं की ताट समोर यायचं, शब्द नाही. मग एकदा वाढता वाढता, तिच्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "माझ्या ओळखीच्या एक आहेत, बिस्किटांच्या कारखान्यात. त्यांना तुझा नंबर दिलाय."

"काय सांगितलंत?"

"सांगितलं, नणंद आहे माझी. आधी संडास बघेल, मग तुमच्याशी बोलेल. चालत असेल तरच बोलवा."

"मग?"

"सोमवारी ये म्हणाल्या," वहिनी म्हणाल्या आणि तिच्या ताटात आणखी भात वाढला.