नाकाची नोकरी

"काका, तुमच्या घरात भूत आहे का?"

हा प्रश्न माझा नव्हता. तो शोधला चष्मिसने, विचारायची पैज लावली बडबडीने, आणि दारात उभी राहिले मी. माझ्या या दोघी मैत्रिणी जिन्याच्या वळणावर तोंडात रुमाल कोंबून बसल्या होत्या. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या या घराची मागची खिडकी अंधार पडला की जांभळी व्हायची. टीव्हीचा उजेड असता तर लुकलुकला असता, हा आपला एकटक. आत राहणारा माणूस कोणाशी फारसं बोलत नसे, त्यामुळे त्याच्याबद्दल जे जे ठरवता येण्यासारखं होतं ते सगळं आम्ही मुलांनी ठरवून टाकलं होतं.

दार उघडलं ते एका बारक्याशा काकांनी. अंगात एप्रन, त्यावर पांढरी भुकटी. प्रश्न त्यांच्या कानात शिरला की नाही कोण जाणे, कारण ते माझ्या तोंडाकडे बघत होते. डोळ्यांकडे नव्हे, तोंडाकडे.

"जरा परत हस बघू," ते म्हणाले.

मी हसतेय हेच मला ठाऊक नव्हतं. भीती वाटली की मला हसू फुटतं.

"वरचा, पुढचा, उजवीकडचा," ते म्हणाले. "तो मी केलाय."

आता त्या दाताची गोष्ट सांगायलाच हवी. शाळेत पाण्याच्या नळापाशी मी वाकलेली असताना मागून धक्काबुक्की झाली आणि माझा पुढचा दात अर्धा नळाला देऊन मी घरी आले. तेव्हापासून मी तोंडावर हात ठेवून हसायची. फोटोत ओठ मिटलेले. वर्गात उत्तर येत असलं तरी हात खाली, कारण हात वर केला की तोंड उघडावं लागतं. आई म्हणायची, दातापेक्षा तुझा तो हातच जास्त दिसतो. पुढे डॉक्टरांनी कॅप बसवली, आणि जी मुलगी हजेरीलासुद्धा पुटपुटायची ती वक्तृत्व स्पर्धेत जाऊन दुसरी आली. पहिलीही आले असते, पण वेळ संपल्याची घंटा मला ऐकूच आली नाही. डॉक्टरांना मी आभाराचं कार्ड दिलं होतं. दात कोणी दुसराच माणूस बनवतो, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"डॉक्टरांनी फोटो पाठवला होता," काका सांगत होते. "शेजारच्या दातावर एक पांढरा ठिपका होता. मी तो नव्या दातातही घातला. नवा दात फार स्वच्छ असला ना, की चुगली करतो."

मी जिभेने दात चाचपला, जणू ठिपका जिभेला लागणार होता. मग मागे वळून ओरडले की भूत नाही, माझा दात आहे. जिन्यावरच्या दोघींना काय समजलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक.

पुढच्या खोलीत त्यांचं काम चालायचं. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, अनोळखी लोकांचे, काही हसल्यासारखे, काही चिडल्यासारखे. कवळ्या, कॅपा, मेणाचे दात. मागच्या खोलीचं दार त्यांनी ढकललं आणि मी जांभळी झाले. माझे हात, माझा गणवेश, सगळं. जमिनीपासून वरपर्यंत फळ्या होत्या, प्रत्येक फळीवर उन्हाच्या जागी लावलेले जांभळे दिवे आणि दिव्यांखाली ट्रे. ट्रेमध्ये बोटभर उंचीची रोपं, दोन-दोन पानं पसरून उभी.

"मिरच्या," काका म्हणाले, इतक्या हळू की जणू त्या झोपल्या होत्या.

मग मी रोजच जायला लागले. शाळा सुटली की दप्तर वर टाकायचं आणि खाली उतरायचं. आईबाबांना विचारलं होतं, अर्थात. आमच्या घरात रीत अशी की मी विचारते आणि ते सांगतात. आई वीज कंपनीत मीटर तपासते, दिवसभर लोकांचे जिने चढते, त्यामुळे तिला इमारतीतला प्रत्येक माणूस माहीत होता. ती म्हणाली, सज्जन आहेत, जा. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासतात. ते म्हणाले, जा, पण यंदा परीक्षेचं वर्ष आहे. बाबांच्या प्रत्येक वाक्याला ही शेपटी असायचीच.

काकांनी पहिलं बी स्वयंपाकघरातल्याच एका वाळक्या मिरचीतून काढलं होतं, कारण तेवढी जहाल मिरची त्यांना बाजारात परत मिळाली नव्हती. ओल्या कागदात गुंडाळून ते मेण गरम करायच्या यंत्रावर ठेवलं, कारण मिरचीच्या बीला ऊब लागते आणि त्यांच्या घरात सगळ्यात उबदार जागा तीच होती. बाकीची हत्यारंही तीच. रोप उचलायला मेण कोरायची सुरी. पानावरचा किडा टिपायला कॅप धरायचा चिमटा. कोपऱ्यात छोटा पंखा फिरायचा, कारण बंद खोलीत वाढलेलं रोप वारा न लागल्याने लेचंपेचं राहतं. फुलं आली की दातांना रंग द्यायचा सर्वांत बारीक कुंचला घेऊन ते या फुलातून त्या फुलात फिरवायचे. इथे ना वारा, ना मधमाशी. मी म्हटलं, म्हणजे मधमाशी तुम्हीच. ते म्हणाले, हो, आणि या वयात कुणी उडायला सांगत नाही हे बरंय.

मिरच्याच का, हे मी बरेच दिवस विचारलं नव्हतं. मग एकदा त्यांनीच मला ट्रेतली माती हुंगायला सांगितली. मी नाक खुपसलं आणि सांगितलं की कुबट वास येतोय, बुरशी लागलेल्या पावाला येतो तसा. ते चटकन उठले, तो ट्रे बाजूला काढला, पाणी तोडलं आणि पंखा त्याच्याकडे वळवला. पाणी जास्त झालं की रोपाची मान कुजते आणि ते उभ्याउभ्या आडवं होतं, त्याआधी मातीला वास येतो. मागचे दोन ट्रे तसेच गेले होते. काकांना वास येत नव्हता.

एका आजारपणाने त्यांचं नाक गेलं होतं. ताप उतरला, नाक परत आलं नाही, आणि नाकाबरोबर चवही गेली. ते सांगत होते की भात, अंडं, दूध, सगळं ओला पुठ्ठा. जेवायचं म्हणून जेवायचं. दुसऱ्यांना चावता यावं म्हणून दिवसभर दात करायचे आणि स्वतः मात्र पुठ्ठा चावायचा. मग एक दिवस नुसत्या वैतागाने त्यांनी मिरचीचा मोठा घास घेतला.

"जीभ जळली, कान तापले, डोळ्यांतून पाणी," ते म्हणाले. "तिखट कळायला नाक लागत नाही, पोरी. मला वाटलं, आतून कोणीतरी हाक दिली. म्हणालं, आहे मी अजून."

त्या दिवसापासून माझं नाव नाक पडलं. बेल वाजवली की आतून आवाज यायचा, नाक आलं का. माझं काम ट्रे हुंगायचं, दूध हुंगायचं, कधीकधी शेगडीही. कामाची बढती म्हणजे वर्णन. पान चुरडलं की कसा वास येतो, ते विचारायचे. मी म्हणायचे हिरवा. ते म्हणायचे, हिरवा हा रंग झाला, वक्तृत्व स्पर्धेत असंच बोललीस का. मग मी डोळे मिटून शोधायचे आणि सांगायचे की शेंगा सोलल्यावर बोटांना येतो तसा, त्यात थोडी नवीन दोरी. ते मान हलवत राहायचे, जणू तोंडात काही घोळवत होते.

पहिलं फूल उमललं तेव्हा त्यांनी मला पंख्यासमोरून बाजूला केलं आणि म्हणाले, वास नीट घे, घाई नको. मी नीट घेतला. परत घेतला. खोटं सांगावंसं वाटत होतं.

"काहीच येत नाही, काका. याला वासच नाहीये."

ते इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. "मग माझं काही बुडालं नाही," ते म्हणाले. "या फुलापुढे आपण दोघं सारखे."

झाडांना मिरच्या धरल्या. बऱ्याच हिरव्या, एक टोकाशी पिवळसर व्हायला लागलेली. आणि त्याच सुमारास मी एका दुपारी बेल वाजवली आणि दार उघडताच मला वास आला.

जळक्या प्लास्टिकचा. काका समोर बसून एका जबड्यात दात बसवत होते, गुणगुणत. मी सरळ आत धावले, आणि आईने लहानपणापासून घोकून घेतल्यामुळे आधी मेन स्विच खाली ओढला. सगळे दिवे विझले. टॉर्च लावून बघितलं तर दिव्यांना वीज देणारा डबा वितळून फळीला चिकटला होता आणि फळीवर तळहाताएवढा काळा डाग. मिरच्या तशाच उभ्या होत्या. काका आत आले, डागावर बोटं टेकवली आणि ती हुंगून पाहिली.

आईने संध्याकाळी येऊन पाहिलं. तिचं म्हणणं, दिव्यांचा दोष नाही, डबा कोंदट जागी ठेवला होता, तो मोकळ्यावर हवा. सोपं काम होतं. पण काकांनी तोवर स्वतःच मुलीला फोन करून सगळं सांगितलं होतं. लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

त्यांची मुलगी, म्हणजे ताई, दुसऱ्या दिवशी आली. मी मनात तिच्याशी भांडायची तयारी करून गेले होते, पण ती भांडण्यासारखी नव्हतीच. डोळे सुजलेले, बोलणं मऊ. ती फळीवरच्या डागाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, काल ही होती. परवा शाळेची सहल असेल. मग?"

मी म्हटलं, मी सकाळीही येईन. शाळेआधी, शाळेनंतर. सहलीला नाही जाणार.

ताईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या बाबांचं नाक होणं ही तुझी नोकरी नाही गं," ती म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं.

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी तरी नाही म्हणावं, असं मला वाटत होतं. ते एप्रनची गाठ सोडत होते. म्हणाले, "ती बरोबर बोलतेय. मला माझं घर जळालेलं चालेल, पण वर तुम्ही सगळे राहता."

मग काकांनी ताईकडे राहायला जायचं ठरलं आणि आवराआवर सुरू झाली. ताईच्या घरी माणसं जास्त, जागा थोडी. कामाचं टेबल कसंबसं बसणार होतं, फळ्या नाही. जबडे वर्तमानपत्रात गुंडाळले गेले, मेणाचं यंत्र खोक्यात गेलं. झाडांबद्दल कोणी काही बोलत नव्हतं. नवा डबा आईने मोकळ्यावर लावून दिला होता, त्यामुळे खोली जांभळी होती, पण शेवटच्या दिवशी तीही बंद होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. उजेड गेला की फुलं गळतात, धरलेल्या मिरच्या सुकतात. मला आता ते पुस्तकात बघावं लागत नव्हतं.

जायच्या आदल्या दिवशी ती एक मिरची लाल झाली. काकांनी ती चिमट्याने धरली, देठाशी सुरी लावली, कॅप कापावी तशी. ताईने उकडलेलं अंडं समोर ठेवलं. त्यांनी अंड्याचा तुकडा घेतला, मिरचीचा तुकडा घेतला, आणि चावला.

आधी काहीच झालं नाही. मग कान लाल झाले, नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि चेहरा असा उघडला की जणू कोणीतरी आत दिवा लावला. "आहे," ते म्हणाले. त्यांनी उरलेलं अंडंही खाल्लं, पूर्ण, आणि बोट फिरवून ताटली पुसली.

ताईने हे कधी पाहिलंच नव्हतं. ती फोनवर रोज विचारायची जेवलात का, आणि ते हो म्हणायचे. ती आतल्या खोलीत गेली, त्या जांभळ्या उजेडात झाडांसमोर उभी राहिली आणि पाठमोरीच म्हणाली, "यांना रोज एक तरी मिरची लागेल. मी कुठे ठेवू ही सगळी?"

 वर येताना जिन्यावर मी माझ्या खोलीच्या भिंती मनात मोजायला लागले होते. टेबलाच्या बाजूला किती, खिडकीखाली किती.

दुसऱ्या दिवशी ते गेले. निघताना त्यांनी मला जवळ बोलावलं आणि मला वाटलं आता निरोपाचं काही बोलतील. ते म्हणाले, आ कर. मी रस्त्यावर, सगळ्यांदेखत, आ केला. त्यांनी मान तिरकी करून दात पाहिला, समाधानाने मान हलवली आणि गाडीत बसले. मला थँक्यू म्हणायचं होतं. त्या दातासाठी, माझ्या वर केलेल्या हातासाठी, जाहीरपणे हसता येतं त्यासाठी. पण गाडी निघाली तेव्हाही मी आ करूनच उभी होते.

अंधार पडल्यावर मी गॅलरीतून वाकून पाहिलं. तळमजल्यावरची खिडकी इतर खिडक्यांसारखीच काळी होती. एवढे दिवस आम्ही जिला घाबरलो, ती इतकी साधी निघावी याचंच मला वाईट वाटलं.

आईबाबा जेवायला बसले होते. मी बसले नाही. टेबलाशी उभी राहिले, हात मागे बांधले, म्हणजे ते चुकूनही तोंडावर जाणार नाहीत.

बाबा म्हणाले, काय विचारायचंय.

"विचारायचं नाहीये, सांगायचंय," मी म्हटलं. "ते निघण्याआधीच ताईशी आणि काकांशी माझं बोलणं झालंय. खालच्या घराची चावी त्यांनी माझ्याकडे दिलीय. उद्या चष्मिस आणि बडबडीला घेऊन मी फळ्या, दिवे आणि झाडं वर माझ्या खोलीत आणणार आहे. डबा मोकळ्यावर राहील, आई, तू दाखवलास तसाच, आणि तू तपासल्याशिवाय मी बटण दाबणार नाही. माझा पलंग दाराकडे सरकेल. परीक्षेचा अभ्यास मी त्याच उजेडात करीन, बाबा, जांभळी होऊन. दर रविवारी बस पकडून काकांना आठवड्याच्या मिरच्या देऊन येईन आणि त्यांच्याकडचं दूध हुंगून येईन. ही माझी नोकरी नाही हे मला माहितीये. मला ती हवीये. आणि कोणी बेल वाजवून विचारलं ना, की तुमच्या घरात भूत आहे का, तर तुम्ही दोघं उठू नका. दार मी उघडणार."