एकेचाळिसावा लेख

डावी नाकपट्टी आत वळली होती – नुसती वाकली नव्हती, आत, डोळ्याच्या दिशेने वळली होती – आणि हे चष्मेवाल्याच्या डोक्याआधी त्याच्या बोटांना कळलं. बावीस वर्षं लोकांचे मोडके चष्मे हाताळल्यावर बोटं कुणाला विचारत बसत नाहीत. खिशातून पडलेल्या चष्म्याचा कोपरा उडतो, अंगाखाली आलेल्याच्या दांड्या फाकतात, आणि हा... ह्याची उजवी काच मधोमध तडकलेली. हा तोंडावर असतानाच समोरून आदळलं होतं काहीतरी.

"पडला म्हणाले," काउंटरपलीकडून मास्तरची बायको म्हणाली. "न्हाणीघरात."

"असेल वहिनी. ओल्या फरशीवर पडतो असा."

पडत नाही असा. पण तिलाही ते ठाऊक असावं, कारण ती चष्म्याकडे पाहत नव्हती, भिंतीवरच्या तक्त्यातल्या सगळ्यात खालच्या, सगळ्यात बारीक ओळीकडे पाहत होती.

"आज तीनला तुरुंगात भेट आहे. धातू चालणार नाही म्हणालेत. काचही नको, प्लॅस्टिकची हवी. स्क्रूसुद्धा नकोत. होईल का, भाऊजी?"

"होईल की. बसा."

तो आतल्या खोलीत गेला. मास्तरचा नंबर पाठच होता त्याला, दोन्ही डोळ्यांचा. शाळेत दोघं एका बाकावर बसत होते तेव्हा फळ्यावरचं चष्मेवाल्यानं वाचून सांगायचं आणि मास्तरनं लिहून घ्यायचं. पुढे मास्तर भूगोल शिकवायला लागला, आणि चार वर्षांपूर्वी इंटरनेटवर 'शेजारी' नावानं लिहायला लागला – कोण पकडला गेला, कोणाच्या घरी झडती झाली, कोण कोठडीतून परत आलाच नाही. "शेजाऱ्याला सगळं माहीत असतं आणि तो कधी काही करत नाही," असं म्हणून हसायचा, "त्याच्यावर कोण संशय घेणार?" सतरा दिवसांपूर्वी पोलिसांनी घेतला. वर्ग चालू असताना नेलं, हाताला खडू तसाच होता म्हणे.

चाळीस लेख मास्तरचे. एकच चष्मेवाल्याचा. आणि आरोपपत्र त्या एकावर होतं.

तो लेख छापखान्यातल्या एका कामगारावर होता. त्याची आई दुकानात डोळे तपासून घ्यायला आली होती. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं, ते रडून सुजले होते. स्वतःच्या पायांनी चौकीत गेलेला मुलगा चादरीत गुंडाळून परत कसा आला, ते तिनं खुर्चीत बसून, हनुवटी यंत्रावर ठेवलेली तशीच ठेवून सांगितलं होतं. ती गेल्यावर त्यानं दुकानाचं दार लावलं आणि ह्याच खोलीत, ह्याच स्टुलावर बसून दुपारभर लिहिलं. मास्तरनं अडीनडीला म्हणून दिलेला पासवर्ड होता. विचारलंसुद्धा नाही त्याला. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, नावं काढ, चौकीचं नाव तरी काढ... काढली असती का मी? नसती काढली. लिहिताना असं वाटत होतं की आयुष्यात पहिल्यांदा मी नीट पाहतोय.

काच घासताना यंत्राचा आवाज इतका मोठा असतो की बाहेरचं काही ऐकू येत नाही, त्याचं त्याला बरं वाटलं. थांबवलं तेव्हा ती दाराशी उभी होती.

"त्या छापखान्यातल्या मुलाचा लेख," ती म्हणाली, अगदी भाजी काय आणायची विचारावं तशी. "तो आला त्या दिवशी माझं ऑपरेशन होतं. सकाळपासून रात्रीपर्यंत हे माझ्या खाटेशी होते. मोबाईलसुद्धा खाली जमा होता. वकील म्हणतात, एवढं हॉस्पिटलच्या कागदांवरून दाखवलं तरी पुष्कळ झालं."

"मग दाखवा ना..." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"यांनी शपथ घातलीय. म्हणाले, मग पुढचा प्रश्न विचारतील."

तो एकेक दांडी प्लॅस्टिकच्या खुंटीवर बसवत राहिला, आणि मनात त्याच त्या गोष्टी फिरत होत्या – मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, अंथरुणाला खिळलेली आई – सतरा दिवस तो त्या मोजत होता, दुसऱ्याच कुणी त्याच्या पदरात घातल्या असाव्यात तशा. आणि त्या खऱ्याच होत्या, हीच तर पंचाईत. खोटं कारण असतं तर माणूस स्वतःला दोन शिव्या देऊन मोकळा तरी झाला असता.

"मी येतो बरोबर," तो म्हणाला. "नाकावर नीट बसतो का ते पाहायला हवं."

ती मान हलवून चालू लागली. नाकावर बसतो का ते पाहायला त्याला कोण आत सोडणार होतं, हे दोघांनाही कळत होतं.

तुरुंगाच्या दाराशी रांग होती, बहुतेक बायकांची, हातांत कपड्यांच्या पिशव्या. जागा धरणं, पुढं सरकणं, कुणाच्या तरी पोराला दटावणं – रेशनच्या दुकानापुढं असावी तशी रांग. पहारेकऱ्यानं चष्मा उन्हात धरला, दांड्या वाकवून पाहिल्या, वहीत लिहिलं.

"हे कोण?"

मित्र म्हणावं तर मित्रांची नावं लिहून घेतात, त्यांनाही बोलावतात, हे त्यानंच कुठंतरी वाचलं होतं... 'शेजारी'तच वाचलं होतं.

"माझे दीर," ती म्हणाली.

"दिरांनी बाहेर थांबायचं. एकालाच सोडतो."

ती गेली. दार लागलं. तो भिंतीच्या सावलीत उभा राहिला आणि ते 'दीर' काही केल्या घशाखाली उतरेना. तिनं शिवी दिली असती, तर तो घरी गेला असता. गळ्यात पडून रडली असती, तरी कदाचित गेला असता. तिनं नातं दिलं होतं, आणि तेही सरकारी वहीत.

सतरा दिवस दुकानाच्या पायरीवर बूट वाजला की तो हातातलं काम टाकून आतल्या खोलीत जात होता. आता खरोखरीचे बूट त्याच्यापासून चार हातांवर होते, त्यांतला एक खुशाल पाय हलवत होता, आणि तो जागचा हलला नव्हता. भीती गेली होती असं नाही, तिनं फक्त तोंड फिरवलं होतं. ती आता त्या लहान दाराकडे पाहत होती – की थोड्या वेळानं वहिनी बाहेर येईल, पदर सारखा करील, "नीट बसला हो," म्हणेल... आणि रस्ताभर, आज, उद्या, कधीच, आणखी काहीही विचारणार नाही.