खुर्चीएवढी फट

गवंड्याने दाराजवळच्या खिळ्यापासून दोरी ताणत आणली आणि ती बरोबर मध्यावर एका खुर्चीच्या पाठीला अडली. त्याने दोरी वर उचलून पाहिली, खाली दाबून पाहिली. खुर्चीत बसलेल्या बाईंनी हातातल्या शर्टाला बटण लावणं काही थांबवलं नाही.

"काकू, खुर्ची जरा बाजूला घेता का? रेघ इथूनच जाते."

"जाऊ दे की. रेघेला माझी अडचण नाही."

"भिंतीला होईल."

"मग भिंतीला सांगा बाजूला व्हायला."

गवंड्याने आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. उजवीकडे थोरला मुलगा हाताची घडी घालून उभा होता, डावीकडे धाकटा मोबाइलमध्ये डोकं घालून. बैठकीच्या खोलीच्या मधोमध फरशीवर निळीची रेघ मारलेली होती आणि आजपासून रेघेच्या त्या बाजूला थोरल्याचं घर होतं, या बाजूला धाकट्याचं. खुर्ची रेघेवर होती. दोन पाय इकडे, दोन तिकडे.

"आई, उठ," थोरला म्हणाला. "मिस्त्रींचा दिवस मोडतोय."

"मी कुठे त्यांचा हात धरलाय?"

"आई, प्लीज," धाकटा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला.

आईने दोरा दाताने तोडला आणि दुसरं बटण घेतलं.

भांडण पाण्याच्या मोटारीवरून सुरू झालं होतं. कोणीतरी ती चालू ठेवून विसरलं, गच्चीवरची टाकी रात्रभर वाहिली, थोरल्याच्या खोलीच्या छताला ओल आली. मोटार कोणी चालू ठेवली यावरून बोलणं निघालं आणि बघता बघता वडिलांच्या आजारपणात कोण किती जागलं इथपर्यंत जाऊन पोचलं. त्यानंतर दोघा भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. जे सांगायचं ते आईच्या मार्फत. "आई, त्याला सांग, गाडी आडवी लावू नको म्हणावं." तो तीन हातांवर उभा असायचा. आईही सुरुवातीला सांगायची. मग एके दिवशी म्हणाली, मी काही पोस्टमन नाही, आणि बंद झाली.

भिंत घालायचं त्यांच्या मामाने ठरवून दिलं. आईचंही त्यानेच ठरवलं: सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. कपाट इकडे, शिलाई मशीन तिकडे. हे तिला जेवताना कळलं. ती ताटावरून उठली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मी काय गवंड्याची भाड्याची घोडी आहे का, या साइटवरून त्या साइटवर न्यायला?" तिने पान संपवलं, हात धुतले आणि आज सकाळी गवंडी यायच्या आधी खुर्ची आणून रेघेवर ठेवली.

"तुम्ही असं करा, मिस्त्री," ती आता म्हणाली. "दोन्ही टोकांकडून सुरू करा. माझ्यापर्यंत याल तेव्हा बघू."

गवंड्याला ते पटलं नाही, पण त्याच्यापुढे दुसरीच अडचण होती. अंगणात दोन टेम्पो माल टाकून गेले होते. एकात लाल विटा होत्या, दुसऱ्यात करड्या रंगाचे, बशीत भिजवलेल्या पावासारखे छिद्रं-छिद्रं असलेले हलके ब्लॉक. दोघा भावांनी त्याला वेगवेगळा फोन करून सांगितलं होतं, अर्धा माल माझा.

"सख्खे भाऊ, बोलून घेतलं असेल, असं मी धरून चाललो," गवंडी कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. "एकाच भिंतीत वीट आणि ब्लॉक. आता मी काय करू? वीट पाणी पिते, तिला ड्रममध्ये बुडवून काढावी लागते. ब्लॉक बुडवून चालत नाही, त्याचा चिकटवायचा मसालाही वेगळा. थराची उंची वेगळी. एकात एक गुंफता येणार नाही."

"आई, त्याला सांग ब्लॉक परत कर म्हणावं," थोरला म्हणाला. "वीट ती वीट."

"आई, त्याला सांग, वजन कोणावर येणार आहे? खालच्या फरशीवर. ब्लॉक हलका असतो. आणि विटा परत जात नसतील तर अंगणात रचून ठेव म्हणावं, शोभेला."

आईने सुईत दोरा ओवायला घेतला. एक डोळा मिटला. दोघंही तिच्या तोंडाकडे बघत राहिले आणि ती सुईच्या भोकाकडे.

"काकू?" गवंडी म्हणाला.

"ओवू द्या हो."

शेवटी गवंड्याने दाराच्या टोकाकडून थोरल्याच्या विटा लावायला घेतल्या आणि मागच्या खिडकीकडून धाकट्याचे ब्लॉक. बिगारी दोन घमेल्यांत दोन मसाले कालवून आळीपाळीने इकडून तिकडे पळत राहिला. भिंतीची दोन टोकं एकमेकांकडे सरकू लागली. विटांकडची बाजू ओली, जड, लालसर, थरांमधल्या सांध्यांतून पाणी गळत होतं. ब्लॉकची बाजू कोरडी आणि इतकी सरळ की पाहून जरा रागच यावा. मध्ये खुर्ची.

दुपारी धाकटी सून चहा घेऊन आली आणि भिंतीच्या अलीकडूनच कप पुढे केला. थोरली सून पलीकडून बिस्किटं घेऊन आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. धाकटीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, ते तिने नवऱ्याच्या भीतीने की सासूची भीड म्हणून, पण गिळलं. आईने एका हातात कप घेतला, दुसऱ्यात बशी.

"अशीच बसणार आहेस का?" थोरला संध्याकाळी म्हणाला. कामावरून परत येऊन त्याने गणवेशही बदलला नव्हता. तो बस चालवत असे. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना आत बोलाव. माझ्या एका बाजूला तू चहा दे, दुसऱ्या बाजूला तो देईल. त्यांनाही बरं वाटेल."

"अगं, तुला त्रास होऊ नये म्हणून तर सगळं ठरवलं. दोन्हीकडे तुझी सोय आहे."

"माझी सोय मला विचारून केली असतीस तर मी तुला सांगितली असती."

ती मान वर करून त्याच्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. तेच त्याला जड गेलं असावं, कारण तो बूट काढायला म्हणून वळला आणि बराच वेळ नाडीशी खटपट करत बसला.

हे घर बांधलं तेव्हा ती याच जागी उभी राहून भिंतींवर पाणी मारत असे. नवरा कामाला गेला की बादली आणि पाइप तिचा. नव्या भिंतीला सुकू द्यायचं नाही, ती ओली ठेवली तरच आतून घट्ट होते, हे तेव्हा तिला कळलं होतं. त्यातली एखादी भिंत पाडायची म्हटली असती तरी ती आडवी आली नसती. नवी घालायची तर घाला. तिचं म्हणणं एवढंच होतं की आपल्यामधून नाही.

रात्री ती झोपण्यापुरती उठली आणि सकाळी गवंडी यायच्या आधी पुन्हा खुर्चीत होती. दुसऱ्या दिवशी भिंत तिच्या खांद्याच्या वर गेली. गवंड्याने दोन्ही कडा ओळंब्यात धरल्या होत्या आणि मध्ये खुर्चीच्या दोन्ही अंगांना हात हलवता येईल एवढी जागा सोडली होती. मग तो मागे सरून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याला काम उरकायचं होतं; पुढच्या साइटवरून सकाळपासून फोन येत होते.

"आता ऐका," तो दोघा भावांना एकत्रच म्हणाला. बाकी कोणी गेल्या कित्येक दिवसांत दोघांना एकत्र काही सांगितलं नव्हतं. "काकू उठल्या तरी मला ही फट बुजवता येत नाही. एकीकडून वीट, दुसरीकडून ब्लॉक, मध्ये नुसता उभा सांधा. वर प्लास्टर करा, रंग द्या, सहा महिन्यांत वरपासून खालपर्यंत चीर दिसणार. मग तुम्ही मलाच शिव्या घालणार."

"मग उपाय?" धाकट्याने विचारलं.

"एकाने माल बदला. अर्धी भिंत पाडू, पुन्हा लावू."

"मी नाही बदलणार," थोरला म्हणाला.

"मीही नाही," धाकटा म्हणाला, भिंतीला उद्देशून.

"नाहीतर मग फट आहे तशी ठेवा. वर आडवं लिंटेल टाकतो आणि चौकट बसवतो. दरवाजा होईल. दोन्ही भिंती आपापल्या सुट्या राहतील, चिरेचा प्रश्न नाही."

"दरवाजा नकोय," दोघंही एकदम म्हणाले, आणि एकदम म्हणालो म्हणून दोघांनाही राग आला.

"चीर पडू द्या मग," आई म्हणाली. आज ती पहिल्यांदाच आपणहून बोलत होती. "येणारा जाणारा विचारेल, ही काय हो? तुम्ही सांगा. एकाला वीट हवी होती, एकाला ब्लॉक. विचारून घ्यायला जिभा नव्हत्या. आणि मी काही उठत नाही, तेव्हा चीर माझ्या भोवतीनेच घ्यावी लागेल."

गवंड्याने खिशातून तंबाखूची डबी काढली आणि न उघडता परत ठेवली.

थोरला म्हणाला, "दरवाजा केला तर कडी माझ्या बाजूला हवी."

"आई, त्याला सांग, माझ्याही बाजूला हवी."

"मिस्त्री, ऐकलंत ना?" आई म्हणाली. "दोन कड्या."

मागच्या कामातून उरलेलं एक तयार लिंटेल गवंड्याकडे होतं, सळ्या घालून ओतलेली काँक्रीटची आडवी पट्टी. ते तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टेम्पोतून आलं, तोवर दोन्ही बाजू चौकटीच्या उंचीला पोचल्या होत्या. बिगारी दुसऱ्या साइटवर गेलेला. गवंड्याने एकट्याने पट्टीचं एक टोक उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"दोघं लागतील," तो म्हणाला.

कोणी हललं नाही. मग थोरल्याने बाह्या सरसावल्या, कारण धाकट्याने आधी सरसावल्या असत्या तर ते त्याला चाललं नसतं. धाकटा त्याच्या पाठोपाठ पुढे झाला. भिंतीच्या दोन्ही अंगांना चढून उभं राहायला लाकडी घोड्या लावल्या होत्या. थोरला विटांच्या टोकाशी चढला, धाकटा ब्लॉकच्या.

"काकू, आता तरी बाजूला व्हा. डोक्यावर वजन आहे."

"धरणारे माझेच आहेत ना?"

"हो, पण."

"मग इथेच बसते."

"आई, वेडेपणा करू नको," थोरला वरून म्हणाला.

तिने खुर्चीची बैठक दोन्ही हातांनी धरून ती इंचभर मागे घेतली. त्याहून जास्त नाही. मग हात मांडीवर ठेवले.

पट्टी चढली. दोन्ही टोकं भिंतींच्या माथ्यावर टेकली, पण विटांचा थर ब्लॉकच्या थरापेक्षा बोटभर वर होता आणि पट्टी धाकट्याच्या बाजूला उतरली. गवंड्याने तिच्यावर लेव्हल ठेवली. काचेतला बुडबुडा थोरल्याकडे पळाला.

"ब्लॉकची बाजू उचलून धरा, मी खाली मसाला आणि तुकडे भरतो. आणि विटांची बाजू दाबून धरा, सरकू देऊ नका. एकाने सोडलं तर दुसऱ्याच्या हाताने राहणार नाही."

धाकट्याने टोक उचललं. जास्त उचललं. पट्टी थोरल्याच्या हातात घसरली, वाळूचे कण आईच्या केसांवर पडले. तिने मान वर केली नाही.

"हळू," थोरला म्हणाला.

धाकटा थांबला. त्याचे दंड थरथरत होते. "किती?"

"थोडं खाली. अजून. बस. तिथेच धर, बारक्या."

"धरलंय," धाकटा म्हणाला. मग जरा थांबून, "तू तुझी बाजू बघ. पाय घोडीच्या कडेला आलाय तुझा."

थोरल्याने पाय आत घेतला. बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये येऊन हलला आणि थांबला. गवंडी खाली उतरून घमेल्याशी बसला आणि मसाला पुन्हा कालवू लागला, कारण तो जरा घट्ट झाला होता. वर दोघं भाऊ धापा टाकत, एकमेकांचे हात बघत उभे होते.

आईने पदराने केसांतली वाळू झटकली.

"मिस्त्री," ती म्हणाली, "सावकाश होऊ द्या. घाई नाही."